काच बदलायला गेलो आणि डेक उघडावा लागला

फेब्रुवारीतला रविवार होता. खांदेरीच्या बेटाला वळसा घालून आम्ही आमच्या शिडाच्या होडीतून मुंबईकडे परतत होतो. दुपारी वायव्येचा वारा नेहमीसारखा चढला आणि परतीची वाट नेमकी त्याच्या तोंडावर, म्हणजे टॅकवर टॅक घेत, शिडं एका बाजूची दुसऱ्या बाजूला फिरवत नागमोडी यायचं. लेकीला मळमळत होतं. ती पुढच्या केबिनमध्ये आडवी झाली होती आणि तिला हवा लागावी म्हणून मी पुढची हॅच, म्हणजे डेकवरचं, केबिनच्या छतातलं काचेचं झाकण, चार बोटं उघडी ठेवली होती. शिडं चढवलेली असताना पुढची हॅच बंद हवी, हा नियम मीच इतरांना सांगत आलोय. त्या दिवशी मीच तो मोडला.

एका टॅकमध्ये जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, नव्या बाजूचा दोर सैल असताना फडफडला आणि हॅचच्या कोपऱ्याखाली जाऊन अडकला. मागे मित्र दोर आवळायची चरखी, म्हणजे विंच, फिरवत होता, त्याला ते दिसलं नाही. शिडावर यायचा ताण झाकणावर आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि लेक आतून ओरडली. तिला काही लागलं नव्हतं, पण अंगावर काचेच्या कपच्या आणि दोन लाटांचं पाणी होतं. ती रात्र मला अजून नीट आठवते, कारण झोप लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं. अ‍ॅक्रिलिकची काच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तडकली होती. दोन बिजागऱ्यांपैकी डावी मुळातून तुटली होती. झाकणाची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मात्र सरळ होती. पट्टी लावून, कर्ण मोजून दोनदा तपासलं, दोन मिलिमीटरचाही फरक नाही. तेवढ्यावर ठरलं की हॅच टाकायची नाही, दुरुस्त करायची. होडी २८ फुटांची, १९८४ सालची, फायबरग्लासची, इंग्लंडमध्ये बांधलेली. त्या मॉडेलची बिजागरी आता मिळत नाही. नवी हॅच परदेशातून मागवली तर वाहतूक आणि कस्टम धरून होडीच्या वर्षभराच्या खर्चाएवढी पडते. शिवाय नव्या हॅचचं माप डेकमधल्या जुन्या भोकाशी जुळत नाही, म्हणजे डेक कापणं आलंच.

तोवर वर प्लायचा तुकडा, त्याखाली फोमची पट्टी आणि आतून आडव्या लाकडाला दोरीने आवळून बांधलेलं, असं एप्रिलपर्यंत चाललं. एप्रिलच्या मध्याला उधाणाच्या भरतीवर होडी उरणजवळच्या करंजाच्या खाडीत पाण्याबाहेर वर घेतली. दर पावसाळ्याआधी ती वर घ्यावी लागतेच, यंदा महिनाभर लवकर घेतली. मग दर शनिवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच, तिथून रिक्षा, आणि पाठीवर हत्यारांची पिशवी.

पहिलं काम फ्रेम डेकवरून सोडवायचं. सोळा स्क्रू. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये चाळीस वर्षं खाऱ्या हवेत राहिला की दोन धातूंमध्ये बारीक वीज वाहत राहते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. स्क्रूभोवती खडूच्या भुकटीसारखी पांढरी पूड साठते आणि तीच त्याला जाम करते. अकरा स्क्रू निमूट आले. पाच हलेनात. जोर लावला तर डोक्याची खाच झिजते आणि मग काहीच हाती उरत नाही, म्हणून मी घाई केली नाही. रात्रभर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं. सकाळी जाड सोल्डरिंग आयर्नचं टोक एकेका डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरलं, थंड होऊ दिलं, पुन्हा धरलं. तापताना आणि निवताना दोन्ही धातू कमी-जास्त हलतात आणि ती पांढरी पूड चुरते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर, म्हणजे ठोक्यासरशी स्क्रू फिरवणाऱ्या हत्यारावर, हातोडीचा एक ठोका. चार निघाले. पाचवा तुटला, तो ड्रिलने खाऊन काढला.

स्क्रू काढूनही फ्रेम डेकला चिकटलेलीच होती. पटाशीने उचकटायचा मोह होतो. फ्रेम वाकते ती तिथेच. कारची पुढची काच काढणारे कारागीर बारीक पोलादी तार वापरतात, तशीच तार मी दोन लाकडी मुठींना बांधली आणि फ्रेमखालून करवतीसारखी पुढे-मागे ओढत नेली. दोन तास लागले, तीन तारा तुटल्या, पण फ्रेम अखंड निघाली.

यार्डात मच्छीमार बोटींचं फायबरचं काम करणारे एक काका आहेत. करंजाचेच, हात एवढे राठ की त्यांना पॉलिश पेपर लागत नाही असं पोरं म्हणतात. ते येऊन उभे राहिले, उकिडवे बसले आणि रिकाम्या भोकाच्या कडेने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. टण, टण, टण. मागच्या कडेला आल्यावर आवाज बदलला. मडकं घेताना वाजवून बघतो आणि तडा असला की जसा बद्द आवाज येतो, तसा.

"काच बदलशील दादा, पन पानी इस्क्रूतून येतंय, तेचा काय?"

दोन वर्षं पुढच्या बिछान्यावर एक थेंब पडायचा. मी तो काचेच्या कडेतून येतो असं धरून चाललो होतो आणि दर दिवाळीला काचेभोवती सिलिकोनचा एक नवा थर देत होतो. काकांनी ठोकून ठोकून पेन्सिलने वर्तुळ काढलं. मागच्या कडेला, दीड वीत लांब आणि चार बोटं रुंद. पाणी शिरत होतं फ्रेमच्या स्क्रूंच्या भोकांतून, आणि बिछान्यावर पडत होता तो फक्त जिरून उरलेला थेंब.

अशा होडीचा डेक बहुधा सगळीकडे भरीव नसतो. वर फायबरग्लासचा थर, खाली फायबरग्लासचा थर आणि मध्ये हलकं लाकूड, असा तो तिपदरी असतो. वजन कमी राहतं आणि ताठपणा भरपूर येतो. नौदल अधिकारी दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली होडीसुद्धा फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकूड अशीच आहे. रचना उत्तमच, फक्त मधल्या लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही. माझ्या होडीत मध्ये बाल्सा आहे, उभ्या धाग्यांच्या छोट्या ठोकळ्यांचा. उभ्या धाग्यामुळे पाणी आडवं हळू सरकतं, पण ठोकळ्यांमधल्या फटींतून ते वाट काढतंच. आधीच्या कोणीतरी स्क्रू थेट बाल्सातून आरपार नेले होते आणि फ्रेमखाली बांधकामाचं साधं सिलिकोन भरलं होतं. ते लावताना व्हिनेगरसारखा वास येतो. त्यातलं आम्ल अ‍ॅल्युमिनियमला खातं. फ्रेमच्या खालच्या अंगाला नखाएवढे खड्डे पडले होते ते त्यामुळेच.

वरचा थर कापायला माझा हात धजेना. चांगला दिसणारा, पांढरा, चकचकीत डेक स्वतःच्या हाताने कापायचा! काकांनी ग्राइंडर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, खोली फक्त तीन मिमी, त्याच्या खाली जायचं नाही. पेन्सिलच्या रेघेबाहेर दोन बोटं सोडून चौकोन कापला. वरची कातडी पटाशीने उचलली तर ती पापडासारखी अलगद आली, म्हणजे खाली तिला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. आत काळा चोथा होता. बोटाने दाबला तर पाणी आलं. कुजलेल्या पानांचा वास. चमच्याने खरवडून काढला, अर्धी बादली भरली. कडेला पिवळसर, कोरडा, टणक बाल्सा लागेपर्यंत मागे जात राहिलो आणि पेन्सिलचं वर्तुळ दोन्ही बाजूंना वीतभर ओलांडलं गेलं. तिथे थांबता आलं याचंच समाधान होतं. आणखी एखादा पावसाळा गेला असता तर ते डोलकाठीच्या पायापर्यंत पोचलं असतं.

मग सुकवणं. या पायरीवर लोक घाई करतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. वर ताडपत्रीचा मांडव, बाजूने टेबलफॅन, दिवसा हॅलोजनचा दिवा हाताच्या अंतरावर. नऊ दिवस. रोज काकांचा पुतण्या ओलावा मोजायचं मीटर लावून आकडा मला फोनवर सांगायचा. तीन दिवस आकडा तोच राहिला तेव्हा भरायला घेतलं.

इपॉक्सी म्हणजे हार्डनर मिसळला की दगडासारखा घट्ट होणारा राळेचा चिकटा. मे महिन्यात तो हाताळणं वेगळंच असतं. डब्यात जास्त कालवलं की स्वतःच्याच उष्णतेने दहा मिनिटांत उकळल्यासारखं होतं, वाफा येतात आणि डबा हातात धरवत नाही. म्हणून संथ हार्डनर घेतला, पहाटे साडेपाचला सुरुवात केली आणि दर वेळी वाटीभरच मिश्रण पसरट ट्रेमध्ये कालवलं. आधी पातळ इपॉक्सीने खालचा थर आणि बाल्साच्या कडा न्हाऊ घातल्या. मग घट्ट केलेल्या मिश्रणात नवे बाल्साचे तुकडे बसवले. पण भोकाच्या कडेला, जिथे स्क्रू येणार, तिथे बाल्सा ठेवलाच नाही. चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर जुना बाल्सा मागे खरवडला आणि ती खोबणी घट्ट इपॉक्सीने गच्च भरली. आता पाणी चुकून आत आलंच तर त्याला समोर लाकूड भेटणार नाही. मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, आणि वरून बघणाऱ्याला ते कधी दिसणार नाही.

उचललेली कातडी परत चिकटवली, वर वाळूच्या पोत्या ठेवल्या. कापलेल्या रेघेवर नुसती पुट्टी भरून चालत नाही, तिथे ताकद नसते. थर तीन मिमी असेल तर दोन्ही बाजूंनी त्याच्या बारा पट, म्हणजे छत्तीस मिमी उतार घासायचा आणि त्यात काचकापडाचे थर लहानापासून मोठ्यापर्यंत बसवायचे. घासण्याचा दिवस वाईट. मास्क होता, पूर्ण बाह्यांचा सदरा होता, तरी मनगटं आणि मान रात्रभर खाजत राहिली. गरम पाण्याने आंघोळ करू नको, काका आधीच म्हणाले होते. रंध्रं उघडतात आणि काच आत जाते, असं त्यांचं म्हणणं. गार पाण्यानेच केली.

दरम्यान बिजागरी. शाबूत असलेली उजवी बिजागरी नमुना म्हणून नेली आणि लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून दोन्ही नव्या करून घेतल्या. जुनी एक आणि नवी एक असं करायचं नव्हतं. पिन खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ स्टेनलेसची, पण तिच्याभोवती नायलॉनची बुशी, म्हणजे छोटी नळी, म्हणजे पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकणार नाहीत.

आणि काच. साइनबोर्डवाल्यांकडे अ‍ॅक्रिलिक मिळतं, पण बहुतेक तीन ते पाच मिमी. मला १० मिमी हवं होतं, आणि तेही कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेलं. दुसरं असतं एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं, ते स्वस्त पडतं पण कापताना ब्लेडला वितळून चिकटतं आणि ताणाला लवकर तडकतं. पॉलिकार्बोनेट घे, ते फुटत नाही, असंही दोघांनी सुचवलं. ते खरंच चिवट असतं, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि आपल्या उन्हात ते पिवळं पडतं. शिवाय तेवढ्याच जाडीत ते अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त लवतं, आणि लवलं की कडेचं सील सुटतं. मी धुरकट रंगाचं कास्ट अ‍ॅक्रिलिकच घेतलं.

पहिला तुकडा मी वाया घालवला. हँडलची दोन भोकं पाडली, संरक्षक कागदाचा चिकटा कडेला राहिला होता, तो हाताशी असलेल्या थिनरच्या बोळ्याने पुसला. पाच मिनिटांत भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या. ड्रिल केलेल्या जागी आधीच ताण असतो आणि थिनर, अ‍ॅसिटोन लागलं की अ‍ॅक्रिलिक तिथेच चिरतं. आज रेघा दिसतात, दोन वर्षांनी तिथूनच तडा जातो. बोळा लांब ठेवला आणि दुसरा तुकडा मागवला. तो चिकटा रॉकेलने निघतो, बाकी सगळं साबणाच्या पाण्याने आणि सुती फडक्याने. भोकं पाडताना खाली लाकडाचा ठोकळा घट्ट धरायचा आणि ड्रिल सावकाश चालवायचं, म्हणजे खालच्या बाजूने कपचा उडत नाही.

काच फ्रेममध्ये घट्ट बसली पाहिजे असं वाटतं. उलट ती सैल हवी. गडद काच मुंबईच्या उन्हात रात्रीपेक्षा चाळीस अंशांनी सहज तापते. माझी काच ४९ सेंटिमीटर चौरस. तेवढ्या तापण्याने ती जवळजवळ दीड मिमी वाढते, आणि फ्रेम जेमतेम अर्धा मिमी. उरलेला एक मिमी कुठेतरी सामावला पाहिजे, नाहीतर काच वाकेल किंवा सील फाटेल. म्हणून चारही बाजूंना तीन मिमी फट ठेवली आणि ती भरायला रबरासारखं ताणणारं सिलिकोन. इमारतींच्या काचा बसवताना वापरतात ते डाऊचं ७९५, आम्लाचा वास नसलेलं. फटी भरायचं होडीवाल्यांचं लाडकं पॉलिसल्फाइड इथे अजिबात नको, ते अशा प्लॅस्टिकला चिरवतं.

हे काम घरी केलं, जेवणाच्या टेबलावर, पंखा बंद करून. लेक मदतीला बसली. काचेच्या वर आणि फ्रेमवर कागदी टेप लावली. खोबणीत जाड सलग रेघ ओढली, तीन मिमीचे रबराचे तुकडे आधाराला ठेवले, काच अलगद टेकवली. दाबायची नाही, दाबली की सगळं सिलिकोन बाहेर येतं आणि आत कागदाएवढा थर उरतो. वरची फट भरून आइस्क्रीमच्या काडीने एका दमात गुळगुळीत केली. आपल्या दमट हवेत त्यावर साय लवकर धरते, त्याआधी टेप निघाली पाहिजे. लेकीने चारही बाजूंच्या टेपा हात न थरथरता तिरक्या ओढून काढल्या. नंतर म्हणाली, "बाबा, आता याखाली मी झोपणार, म्हणून नीट केलं." दोन आठवडे आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून जेवलो.

डेकवर बसवायच्या दिवशी तेच सोळा स्क्रू, पण नवे. इपॉक्सीच्या भरीव कडेत नवी भोकं पाडली, प्रत्येक भोकाचं तोंड वरून थोडं उखळासारखं रुंद केलं. फ्रेमखाली ब्युटाइल टेप. काळी, चिकट, कणकेसारखी मळता येणारी. ती कधी कडक होत नाही, आणि पुन्हा फ्रेम काढायची वेळ आली तर तार ओढत बसावं लागत नाही. स्क्रूच्या मानेभोवतीही तिचा एक वळसा, तो त्या उखळात दबून बसतो. स्क्रू एकाच दिवशी करकचून आवळायचे नाहीत. आज थोडे, दोन दिवसांनी थोडे, पुढच्या शनिवारी शेवटचे. दर वेळी कडेने काळी रेघ बाहेर येत गेली आणि ती प्लॅस्टिकच्या सुरीने कापत गेलो. झाकणाचं रबरही नवं घातलं, जोड बिजागरीच्या बाजूला.

तपासणी सोपी. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी रबरावर ठेवायची, झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. डाव्या नव्या बिजागरीपाशी ती सहज सुटून आली. अर्ध्या मिमीची पत्र्याची चकती खाली घालून पुन्हा लावलं, मग पट्टी फाटली पण निघाली नाही. त्यानंतर पाइपचं पाणी वीस मिनिटं, मी आत टॉर्च घेऊन आडवा, बाहेर काकांचा पुतण्या. काही आलं नाही.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मी शनिवारी पहिल्या लाँचने गेलो. शिडीवरून चढून पुढच्या केबिनमध्ये शिरलो आणि आधी हात बिछान्यावर फिरवला. कोरडा. छताच्या लाकडावर जुन्या थेंबाचा तपकिरी डाग तसाच होता, तो मी घासला नव्हता. त्याच्यावर बोट ठेवून बसलो, बाहेर ताडपत्रीच्या कडेवरून पाण्याच्या धारा थेट नव्या काचेवर पडत होत्या. अर्ध्या तासाने बोट काढलं. कोरडंच.

मग स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मधल्या मोठ्या हॅचच्या कडेने आतून ठोकत गेलो. टण, टण. उजव्या मागच्या कोपऱ्यात दोन स्क्रूंच्या मध्ये आवाज बद्द आला. तिथे पेन्सिलने खूण केली, तारीख घातली, आणि काकांना फोन लावला की ऑक्टोबरात ग्राइंडर लागेल.